आबा, आता बरं वाटतंय

ओंकार, तुझ्या पायातून काढलेली शीर मी बघितली होती. तू नव्हती बघितलीस. कमरेखाली बधिर करून तुला आत ठेवलं होतं आणि तू, नंतर सांगितलंस त्याप्रमाणे, छतावरच्या दिव्याकडे बघत मनातल्या मनात मैदानाला फेऱ्या मारत होतास. बाहेर सिस्टरनं दार उघडलं, "ओंकारचे नातेवाईक कोण?" म्हणून विचारलं आणि स्टीलच्या ट्रेमध्ये कापसावर ठेवलेली ती शीर आमच्यापुढे धरली. काढलेलं घरच्यांना दाखवायची रीतच आहे आपल्याकडे, त्याशिवाय ऑपरेशन झाल्याची खात्री कुणाला पटत नाही. गांडुळासारखी होती ती. फिकी, मऊ, जागोजागी फुगलेली. आई पदर तोंडाला लावून मागं सरली. आबा मात्र पुढे झाले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "हिच्यापायी माझ्या पोराला परत धाडला व्हय?"

सिस्टर हसली. मीही हसले. साताऱ्याच्या त्या दवाखान्यात आम्ही तिघं हसलो होतो ओंकार, कारण काम छोटं होतं आणि ते झालं होतं. आज भरती झालास, उद्या घरी जा, असं ते ऑपरेशन. गावातल्या किती पोरांनी करून घेतलंय. टाकेसुद्धा मोजून दाखवता येतील एवढेच.

आणि तू नाहीस. तुझा तेरावा झाला, पाहुणे गेले, मांडव उतरला. मी अजून उंब्रजलाच आहे. कवठे महांकाळहून शाळेतले फोन येतात, नवरा फोन करतो, चिऊ विचारते की मामाचं झालं ना सगळं, मग तू कधी येणार. मी उद्या म्हणते. उद्या आला की परत उद्या म्हणते. आबांना सोडून जाता येत नाही आणि त्यांच्याजवळ बसताही येत नाही. का ते तुला सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं ते नाही.

मला तुझा राग आलेला आहे, हे आधी ऐकून घे.

शिरा आपल्याला आईकडून आल्या. आईच्या दोन्ही पोटऱ्यांवर निळ्या गाठी आहेत. लहानपणी ती दुपारची आडवी झाली की तू तिच्या पायाशी बसून त्यांच्यावरून बोट फिरवायचास. "ही कृष्णा, ही कोयना," आणि गुडघ्याच्या खाली दोन्ही मिळायच्या तिथं बोट दाबून, "हे आलं कराड." आई झोपेतच पाय झाडायची. तुझ्या डाव्या पोटरीवर तशीच एक बारीक कोयना उमटलेली आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तू पहाटे उठून पळत होतास, दंड-बैठका मारत होतास, एवढ्या तयारीच्या पोराच्या पायाला काही असेल असं कोण म्हणेल?

फौजेच्या भरतीच्या मेडिकलला त्यांनी तुला चड्डीवर स्टुलावर उभा केला आणि मागनं टॉर्च मारला. पळण्यात पुढे होतास, उंची, छाती, सगळं बसत होतं. डॉक्टरनं पोटरीवर अंगठा दाबला आणि म्हणाला, "बेटा, ये निकलवा लो, फिर आओ." टेम्पररी अनफिट. मुदतीच्या आत ऑपरेशन करून परत दाखवायला यायचं, रिव्ह्यूला. तुझ्या मागोमाग आपल्या आळीतल्या सुहासलाही तेच सांगितलं. तुम्ही दोघं एकमेकांच्या पोटऱ्या बघत एस. टी. ने परत आलात.

संध्याकाळी तू मला फोन केलास. आणि मी काय म्हणाले? "सुटलास." मी पुढं रेटलंच. चार वर्षांच्या नोकरीसाठी पाय फाडून घेणार आहेस का, आयटीआय झालंय, साताऱ्याला एमआयडीसीत लाग, गाडी घे, लग्न कर, माणसासारखा जग. तू म्हणालास, "तायडे, तू बंदुकीला भितीस." मी म्हणाले, "हो, भिते. आबा सुखरूप परत आले म्हणून सगळेच येतात असं नाही." तू म्हणालास, "बघू की." आणि फोन ठेवलास. ते भांडण आपलं संपलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी मी सगळं विसरल्यासारखी आले, तूही विसरल्यासारखा हसलास, पण मला माहीत होतं की तू रिव्ह्यू पास झालास की पहिला फोन मलाच करणार आणि म्हणणार, आता बोल. मी तुझ्या त्या फोनची वाट बघत होते. हरायला तयार होते मी.

मी सरहद्दीवरच्या मरणाला भीत होते रे. ते आपल्या न्हाणीच्या दारात येऊन थांबलंय हे मला कुठं ठाऊक.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आपल्या सगळ्यांच्या समोर. आजपासून चालायचं. थोडं थोडं, पण दिवसभर. पडून राहायचं नाही, पाय लोंबकळत सोडून बसायचं नाही, पट्टी काढायची नाही, पळायचं तेवढं नाही. सिस्टरनं तुला व्हरांड्यात चालवूनही दाखवलं. तू भिंतीला धरून गेलास आणि परत आलास, आणि आईचा जीव खालीवर होत होता. आई त्या सिस्टरवर इतकी चिडली की गाडीत बसल्याबसल्या म्हणाली, "बाईला पोरंबाळं न्हाईत वाटतं. आत्ता फाडलाय पाय, आन म्हनं चाल."

घरी सोप्यात खाट तयारच होती. गादीवर गादी, पायाखाली उशी, उशाला तांब्या. बाळंतिणीला जपतात तसं तुला जपलं. जेवण खाटेवर, चूळ भरायला वाटी खाटेवर. गाव समाचाराला यायला लागलं. कुणी शहाळं आणलं, कुणी बिस्किटाचे पुडे, आणि येणारा प्रत्येकजण आधी तुझ्या पायाकडे बघून "अरारा" म्हणायचा आणि मग म्हणायचा, "हलू नगं बरं का. टाका उसावला म्हंजे पंचाईत." ऑपरेशन झालेल्या माणसानं चालायचं असतं हे आपल्याकडे कोण मानणार? चालायला लागला तर ऑपरेशन झालंच कशाला म्हणतील.

आणि तू. तू तर सगळ्यांच्या पुढे. जन्मात कधी अंथरुणावर पडला नाहीस, तापात क्रिकेट खेळलास, आणि आता तो पाय काचेचं भांडं असल्यासारखा उशीवर ठेवून पडून राहिलास. रिव्ह्यूला टाक्याची जागा जरा जरी लाल दिसली तर, ही तुझी भीती. मी शाळेसाठी कवठे महांकाळला परत गेले होते. रोज फोन करायची. "चाललास का रे?" "चालतोय गं." मागून मॅचची कॉमेंट्री ऐकू यायची. "ओंक्या, खरं सांग." "आत्ताच अंगणात चक्कर मारून आलो, आईला इचार." मी आईला विचारायची नाही. आईही तेच म्हणाली असती.

म्हणून राग आहे. तुला समोरच्याला बरं वाटेल असं बोलायची सवय होती. मी पहिल्यांदा थालीपीठ केलं, एका बाजूनं कोळसा झालेलं, ते तू सगळं खाल्लंस आणि म्हणालास, "खरपूस झालंय." आबांनी तुझे केस कापले, डोक्यावर पायऱ्या पडल्या, तू आरशात बघून म्हणालास, "मिल्ट्रीकट झ्याक." ड्रेसिंगला डॉक्टर विचारायचे, "दुखतंय?" तू म्हणायचास, "नाही सर." दुखतंय म्हणणं तुला जमायचंच नाही. मी तुझी किती चेष्टा केली यावरून. आता मला त्या सवयीचीच भीती वाटते. का ते शेवटी सांगते.

त्या संध्याकाळी मात्र तू म्हणालास. आयुष्यात एकदा दुखतंय म्हणालास आणि आबांना म्हणालास.

आबांचे हात. तुला काय सांगायचं त्यांच्याबद्दल. पलटणीत कुस्ती खेळलेला माणूस, अंगठा असा की बैलाची खांदेमळणी करावी. रिटायर होऊन आल्यापासून कुणाची चमक, कुणाची लचक, कुणाची मान धरली, माणूस आपल्याच दारात. ती काचेची बाटली, तिळाचं तेल, त्यात ओवा आणि कापूर. आबा पैसे घेत नाहीत, चहा घेतात. माझ्या बाळंतपणानंतर कंबर धरली तेव्हा आईला बाजूला घेऊन कुठं दाबायचं ते त्यांनी तिला शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी मी उठून बसले. आबांच्या हाताला गुण आहे, असं गाव म्हणतं. मीही म्हणत होते.

त्या संध्याकाळचं मी जे सांगते ते आबांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते सांगितलं. तू म्हणालास, "आबा, पोटरी लय दुखतीया." आबा म्हणाले, "पडून पडून आखडलीया, दुसरं काय." त्यांनी पट्टी सोडली. पोटरी जरा ताठ लागली, जरा गरम लागली. टाक्यांना धक्का न लावता, फक्त पोटरी, खालून वर, खालून वर, त्यांनी तेल जिरवलं. दिवेलागण झाली होती, आई देवापुढं निरांजन लावत होती. तू डोळे मिटून पडला होतास. आबांनी विचारलं, "कसं वाटतंय रं?" आणि तू म्हणालास, "आबा, आता बरं वाटतंय."

सकाळी तू उठलास. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, कुणाचा हात न धरता, टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीकडं निघालास. दारात थांबलास. आई म्हणते, तू छातीला हात लावलास आणि तिच्याकडं असं बघितलंस जसं काही विचारायचं होतं. मग खाली बसलास. गाडी काढली, कराडला नेला. तिथं पोचायच्या आधीच सगळं झालं होतं. मला फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गात फळ्यावर लिहीत होते. वाक्य अर्धंच राहिलं.

गाव म्हणालं, अटॅक आला. एवढ्या वयात, एवढ्या तयारीच्या पोराला. अलीकडं हे लय वाढलंय म्हणाले. कुणी नजर म्हणालं. पायाशी त्याचा संबंध कुणी लावला नाही, आबांनीही नाही. आबा खांबाला टेकून बसायचे आणि नवं माणूस आलं की तेच सांगायचे, "शेवटच्या दिशी माज्या हातानं पाय चोळून दिला. म्हनला, आबा, आता बरं वाटतंय. तेवढंच समाधान बगा." बाया डोळे पुसायच्या. म्हातारी माणसं म्हणायची, "नशीबवान हाय, बापाचा हात लागला." मीही रडायचे आणि मलाही वाटायचं, चला, एवढं तरी त्यांच्याजवळ आहे.

मग मी साताऱ्याला गेले. भांडायला गेले होते, ओंकार. कुणाला न सांगता, एस. टी. नं. डॉक्टरला जाब विचारणार होते, की माझा चांगला पळणारा भाऊ तुमच्याकडे आणला होता, तुम्ही त्याला काय केलंत. माझा आवाज चढला तसा बाहेर बसलेले पेशंट आत डोकावायला लागले. डॉक्टर उठून गेले नाहीत, मला थांबवलंही नाही. मी थांबल्यावर त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "तो चालत होता का?" मी ग्लास खाली ठेवला. "पोटरी दुखत होती का? सुजली होती?" मी मान हलवली. मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, "कुणी चोळली होती का?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

त्यांनी समजावून सांगितलं. पडून राहिलं की आतल्या मोठ्या शिरेत रक्त साकळतं, कधी कधी गुठळी होते. पोटरी दुखते ती त्यानं. ती गुठळी सुटली तर वर जाते, फुप्फुसात अडकते. चोळल्यानं सुटू शकते. "सुटतेच असं नाही," ते म्हणाले, "आपोआपही सुटते. तुमच्या भावाच्या बाबतीत नक्की काय झालं ते आता कुणीच सांगू शकणार नाही." त्यांनी ते दोनदा सांगितलं. मला ऐकू आलं फक्त आधीचं.

परत येताना मला खिडकीची जागा मिळाली होती. मी सातारा सोडल्यापासून उंब्रजपर्यंत माझ्या मांडीवरच्या हातांकडे बघत बसले. मला सांग, हे घेऊन मी घरात कशी शिरणार होते? आबा त्याच खांबाला टेकून बसले होते, कुणी लांबचे पाहुणे आले होते, आणि मी चप्पल काढत असताना ऐकलं, "माज्या हातानं पाय चोळून दिला."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ते वाक्य आलं की मी उठून आत जायची. आई म्हणायची, कुठं चाललीस, बस की. मी पाण्याच्या निमित्तानं, चहाच्या निमित्तानं, कशाच्याही निमित्तानं उठायची. मला आबांचा राग यायला लागला. ऐक हे. ज्या हातांनी आपल्याला सायकल शिकवली त्या हातांकडे मला बघवेना. एकदा मी भाकरी थापत असताना ते मागून आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "किती वाळलीस गं." मी डोकं काढून घेतलं. त्यांना वाटलं, त्यांच्या हाताचं ओझं झालं. ते बाहेर गेले. ती भाकरी करपली.

आणि त्याच वेळी मला त्यांची इतकी कीव यायची की वाटायचं, मरेपर्यंत सांगायचं नाही. माझ्याबरोबर जाऊ दे. डॉक्टर नक्की सांगू शकत नाही, मग मी कशाला सांगू? त्या माणसाकडे मुलगा उरला नाही. एक संध्याकाळ उरली आहे. ती मी काढून घेऊ?

मी ठरवलं होतं, नाही सांगायचं. खरंच ठरवलं होतं.

तुझ्यानंतर सुहासचंही ऑपरेशन झालं. मुदत संपत आली होती, त्याच्या वडिलांनी छातीवर दगड ठेवून त्याला नेलं. त्यालाही तुझ्यासारखाच घरी आणून खाटेवर ठेवला. चार दिवसांपूर्वी सकाळी त्याची आई दारात आली. आत येईना. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "भावजी, तुमास्नी आसल्या टायमाला बोलवायचं म्हंजे तोंड न्हाई मला. पर पोरगं रातीपासनं पोटरी दुखती म्हनतंय. जरा बगता का?"

आबा उठले. तू गेल्यापासून पहिल्यांदा स्वतःहून उठले, ओंकार. आईनं माझ्याकडं बघितलं, तिच्या डोळ्यांत किती दिवसांनी जरा बरं दिसत होतं. आबांनी कोनाड्यातली बाटली घेतली, प्रकाशात धरून तेल किती आहे ते बघितलं, एक पाय चपलेत घातला.

"आबा, थांबा."

"का गं?"

"पोटरी चोळू नका."

"आखडली आसंल. जरा मोकळी करतो. येतो लगीच."

"चोळायची नसते, आबा. ऑपरेशन झालेल्या पायाची पोटरी दुखली तर चोळायची नसते. दवाखान्यात न्यायचं असतं."

"कुनी सांगितलं?"

"डॉक्टरांनी."

"कवा?"

सुहासची आई दारात उभी होती. आबा माझ्याकडं बघत राहिले. तुला माहिती आहे ते कसे बघतात, समोरच्याचा डाव कुठून येतोय ते ओळखायला. मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी चपलेतला पाय काढून घेतला.

"तू साताऱ्याला गेलतीस."

"हो."

"म्हंजे आपल्या ओंकारचं..."

"नक्की माहीत नाही, आबा. डॉक्टरसुद्धा नक्की सांगत नाहीत. आपोआपही होतं म्हणाले." मी भराभरा बोलत होते, फळ्यावरचं पुसल्यासारखी. ते ऐकत नव्हते. त्यांनी बाटली कोनाड्यात ठेवली. ठेवताना ती नीट बसेना, दोन-तीनदा ठेवली. आई म्हणाली, "काय झालं? काय म्हनतीया ती?"

मग ते अनवाणीच बाहेर पडले. मी मागं गेले. मला वाटलं रस्त्याकडं जातील, विहिरीकडं जातील, मला काय काय वाटलं. ते सरळ सुहासच्या घरात गेले. सोप्यात तीच आपल्यासारखी खाट, पायाखाली उशी, उशाला तांब्या. सुहासनं त्यांना बघून पाय पुढं केला. आबांनी हात मागं घेतले, पाठीमागं, परेडला विश्राममध्ये उभं राहतात तसे.

"गाडी काडा," ते सुहासच्या वडिलांना म्हणाले. "साताऱ्याला न्या. आत्ताच्या आत्ता. पोटरीला कुनी हात लावू नगा."

"आवं पर आबा, तुमीच जरा हात फिरवला आस्ता तर..."

"मी फिरवला हुता," आबा म्हणाले. "माज्या पोराच्या पायावर. म्हनून सांगतोय."

सुहासच्या आईनं पदर तोंडात धरला. गाडी निघाली तेव्हा आबा तिथंच, हात मागं बांधून उभे होते, आणि मी त्यांच्या मागं उभी होते, आणि मला वाटत होतं की आता हे वळून माझ्याकडं बघतील. ते वळले, बघितलं, आणि माझ्या बाजूनं घरी गेले.

सुहासच्या पायात काही निघालं नाही. सोनोग्राफी केली, शिरा स्वच्छ आहेत म्हणाले, नुसता पडून आखडला होता, चालवा त्याला. तेच, ओंकार. आबा म्हणाले होते तेच. आबांनी चोळलं असतं तरी काही झालं नसतं. काल तो आपल्या घरासमोरून चालत गेला, लंगडत, आईच्या खांद्यावर हात ठेवून, आणि आपल्या दाराशी आल्यावर त्यानं मान खाली घातली. तो जगला याचा मला आनंद झाला पाहिजे. झाला असेलही. मला फक्त एवढंच दिसतं की ज्यासाठी मी आबांची ती संध्याकाळ मोडली, ते कारणच तिथं नव्हतं.

आई आता म्हणते, मीच खाटेवरून उतरू दिलं नाही. मी म्हणते, मीच रोज फोनवर विचारलं आणि कधी खोदून विचारलं नाही. आम्ही दोघी एकमेकींच्या हातातून तो दोष ओढून घ्यायला बघतो, पण तो आबांनी घट्ट धरून ठेवलाय. ते आता समाचाराला आलेल्यांशी बोलत नाहीत. काही सांगत नाहीत. खांबाला टेकून बसतात आणि हात मांडीखाली दाबून ठेवतात. कुणाची मान धरली तर माणूस दारापर्यंत येतो, आबांकडं बघतो आणि परत जातो. ती बाटली आईनं फेकून दिली असेल असं मला वाटत होतं. नाही फेकली. कोनाड्यातच आहे, तिच्यावर एक फडकं टाकलंय.

तू असतास तर काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे. म्हणाला असतास, तायडे, बरं केलंस. तू सगळ्यांना तेच म्हणायचास. म्हणून तुझ्या म्हणण्याचा मला उपयोग नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. मला तू समोर हवा आहेस, पाय उशीवर ठेवून, मोबाइल हातात धरून, आणि मला तो मोबाइल हिसकावून घेऊन तुला दंडाला धरून अंगणात फरफटत चालवायचंय, आई ओरडली तरी. भरती हो, वर्दी घाल, कुठंही जा. मी हरले म्हणून सांगते आहे.

आज दुपारी आबा बोलले. आई रानात गेली होती. मी तांदूळ निवडत होते. त्यांनी माझ्याकडं न बघताच विचारलं, "पोरी, एक इचारू का?"

"विचारा की."

"त्यो म्हनला हुता, आबा, आता बरं वाटतंय." ते अजून अंगणाकडंच बघत होते. "ते खरं म्हनला आसंल का गं? का मला बरं वाटावं म्हनून?"

ओंकार, जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा याचं उत्तर मला जास्त माहीत आहे. कोळसा झालेलं थालीपीठ मला माहीत आहे. "चालतोय गं" मला माहीत आहे. मी ताटातून वर बघितलं आणि म्हणाले, "खरंच म्हणाला असणार. माझ्याशी बोलायचा खोटं, आईशी बोलायचा. तुमच्याशी तो कधी खोटं बोलला नाही, आबा."

त्यांनी मान हलवली. बऱ्याच वेळानं मांडीखालचा एक हात बाहेर काढला आणि ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग दुसरा. आम्ही दोघांनी मिळून तांदूळ निवडले.

मी तुझ्या जिवावर बोलले ते. आता एवढंच कर. फौज राहू दे, आपलं भांडण राहू दे, माझ्यावरचा राग असला तर तोही राहू दे. त्या संध्याकाळी, आई निरांजन लावत होती तेव्हा, पाय खरंच जरा हलका झाला होता ना रे?